पाण्याखालची टण

आमची आत्या पोहण्याच्या तलावावर नोकरी करायची आणि पाण्याला मरणाची भ्यायची. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसा, आम्हीही हसायचो. तलावाच्या काठाने जाताना ती ओल धरलेल्या भिंतीला इतकी चिकटून चालायची की घरी येताना तिची एक बाही रोज ओलीच असायची. आंघोळीला डोक्यावरून पाणी घ्यायची वेळ आली की एक हात नाकापुढे धरायची आणि डोळे टक्क उघडे ठेवायची, साबण गेला तरी. लहानपणी बुडाली होती का, कुणी ढकललं होतं का, असं मी खोदून खोदून विचारायची. ती म्हणायची, "काही झालेलं नाही गं बाई. भीती वाटायला काही व्हावंच लागतं का?"

तर ही बाई तलावावर करायची काय? गाणी लावायची. तलावाच्या एका टोकाला जिना चढून गेलं की काचेची छोटी खोली आहे. तिथे एक संगणक, एक माइक, एक डुगडुगती खुर्ची आणि आत्या. सकाळी पाण्यात व्यायाम करणाऱ्या आजी-आजोबांसाठी संथ बासरी, दुपारी शिकाऊ पोरांसाठी धांगडधिंगा, आणि संध्याकाळी पाण्यातला नाच शिकणाऱ्या मुलींचा वर्ग. सगळे तिला रेडिओबाई म्हणत. त्या काचेतून तलावाचा तळ अगदी स्वच्छ दिसतो, तळाच्या फरश्यांवरच्या काळ्या रेघासुद्धा. काठावरच्या माणसाला नुसती पाण्याची चकाकी दिसते. आत्या म्हणायची, "पाणी लांबून बघायला मला काही त्रास नाही. मधे काच हवी."

माझी लेक त्या नाचाच्या वर्गात होती. तिचं नाव मोठं भारदस्त ठेवलंय, पण गोल चेहऱ्यामुळे ती सगळ्यांची ठकी. वर्गात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आज्ञाधारक. हा दुसरा गुण मी तेव्हा चारचौघांत कौतुकाने सांगायची.

आता एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वर वाजणारं गाणं पाण्याखाली नीट ऐकू जात नाही, नुसती घरघर पोचते. म्हणून तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीखाली, एक वेगळा स्पीकर बसवलेला आहे. संगणकातून दोन वायरी निघतात. एक वरच्या स्पीकरला, एक पाण्यातल्या. प्रेक्षक वर ऐकतात, मुली खाली ऐकतात. आत्याने याचा फायदा घेऊन एक युक्ती केली होती. कार्यक्रमाच्या शेवटच्या नाचात सगळ्या मुली तळाशी जातात, तिथे ठेवलेलं एक जड लोखंडी कडं धरून गोल करतात, आणि मग एकाच क्षणी सगळ्या मिळून वर उसळतात. तो क्षण कळावा म्हणून आत्याने फक्त पाण्याकडे जाणाऱ्या वायरीत, गाण्याच्या अगदी शेवटी, एक खूण घातली होती. त्यासाठी तिने आमच्या स्वयंपाकघरातले सगळे ग्लास चमच्याने वाजवून बघितले, आईचं डोकं उठवलं, आणि पोचा आलेला एक स्टीलचा ग्लास पसंत केला. त्याच्या आवाजाला मुली टण म्हणत. वर बसलेल्या माणसाला टण कधीच ऐकू आली नाही. ती फक्त खालच्यांची होती.

वर्ग घेणाऱ्या मॅडम शिस्तीच्या. पूर्वी मुली तळाशी एकमेकींकडे बघून वर यायच्या आणि एकीनंतर एक अशी डोकी वर यायची. मॅडमना ते खपायचं नाही. म्हणून त्यांनी नियम केला की कडं धरलं की डोळे मिटायचे, आणि टण नाही तर वर नाही. मुलींनी हे इतक्या वेळा म्हटलं होतं की ठकी झोपेतसुद्धा पुटपुटायची. आम्हाला गंमत वाटायची, रोज रात्री मुद्दाम तिच्याकडून म्हणवून घ्यायचो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याचा मला फोन आला. आवाज रडवेला. मला वाटलं, घरी कुणाला काही झालं.

"माझी गाणी गेली," ती म्हणाली.

"कुठे गेली?"

"मला माहीत असतं तर तुला फोन कशाला केला असता? पडदाच वेगळा दिसतोय. बटणं वेगळी. सगळं काळंकुट्ट केलंय मेल्यांनी."

मी कचेरीत संगणकावर पत्रं टाइप करते, एवढ्या भांडवलावर घरात माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. तालमीसाठी रजा काढलेलीच होती. जाऊन बघते तो तलावाचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते आत्याच्या खुर्चीत बसून पंख्याचा वारा खात होते. गाणी वाजवणाऱ्या प्लेअरची नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का, असं पडद्यावर आलं होतं आणि साहेबांनी आत्या यायच्या आधी हो म्हणून टाकलं होतं.

"फुकट देत होते," साहेब म्हणाले. "आणि नवीन ते चांगलंच असणार ना?"

आत्याने त्यांना खुर्चीतून उठवलं. ब्र काढला नाही, पण ज्या पद्धतीने उठवलं त्यावरून साहेब जे खाली गेले ते दुपारपर्यंत वर आले नाहीत.

मग आम्ही दोघी बसलो. गाणी गेलेली नव्हती. नवीन प्लेअर ती भलत्याच ठिकाणी शोधत होता. त्याला जुनी जागा दाखवली तशी सगळी परत आली, पण नावांच्या क्रमाने लागून बसली. कार्यक्रमाचा क्रम पुसला गेला होता, तो आत्याने तोंडपाठ सांगितला आणि मी लावला. शेवटच्या नाचानंतर लोक बाहेर पडतात तेव्हा वाजायचं बासरीचं गाणं सगळ्यांत खाली टाकलं. मग कळलं की आवाजाची पातळी बिघडली आहे. हळू सुरू होणारी गाणी एकदम अंगावर येत होती, कारण या शहाण्याने सगळ्या गाण्यांचा आवाज परस्पर सारखा करून टाकला होता. तेही बटण सापडलं, बंद केलं. आत्या प्रत्येक दुरुस्तीला पडद्याशी बोलत होती. "असा ये सरळ. आता कसा?" वगैरे.

शेवटी तिने एकेक गाणं लावून त्याची सुरुवात आणि शेवट तपासला. शेवटच्या नाचाचं गाणं लावलं तेव्हा कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटून बसली. त्या हेडफोनच्या उजव्या कानात पाण्याकडची वायर ऐकू येते. गाणं संपलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आली टण," ती म्हणाली. आम्ही चहा मागवला.

संध्याकाळी तालीम होती. मी वर पायऱ्यांच्या बाकांवर इतर आयांबरोबर बसले होते. एकेक नाच झाला की आत्या गाणं थांबवायची, मॅडम दोन शब्द सुनवायच्या, मग पुढचं गाणं. शेवटचा नाच कुणीही मधे न थांबवता, कार्यक्रमात होणार तसाच करायचा होता. मुली पाण्यात उतरल्या. ठकीची गुलाबी टोपी मला लांबूनही ओळखता येत होती. नाच छान चालला होता. मग एकेक टोपी पाण्याखाली गेली आणि पाणी सपाट झालं.

गाणं अलगद विरत गेलं आणि त्यातूनच बासरी उमटली. इतकं गोड वाटलं की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अगबाई, शेवट किती सुंदर केलाय यंदा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पाणी सपाटच होतं. मग एक डोकं वर आलं, धापा टाकत. मग दुसरं, मग तिघी-चौघी ठसकत, एकमेकींना धरत. मॅडम ओरडल्या, "हे काय चाललंय? ही उसळी आहे?" मी टोप्या बघत होते. निळी, पिवळी, निळी, पांढरी. गुलाबी नव्हती.

मला वाटलं, ती दुसरीच्या आड असेल. आई माणूस किती मूर्ख असतं बघा, मी मान वाकडी करून बघत बसले. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून आत्याची किंकाळी आली. ती माइकवर कधी बोलायची नाही. तिला सूचना द्यायला लाज वाटायची.

"खाली आहे! ठकी खाली आहे! काढा तिला!"

काठावरच्या लाइफगार्डने कपड्यांसकट उडी मारली. मी बाकांवरून कशी उतरले मला आठवत नाही. ढोपर फुटलं होतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं. त्याने तिला वर आणलं तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते आणि तिने ते कडं इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं सोडवावी लागली, असं त्याने मला नंतर सांगितलं. काठावर पालथी घातली तशी ती खोकली, पाणी ओकली, मोठ्याने श्वास घेतला. मी तिला छातीशी धरलं तर ती मला ढकलून लाइफगार्डकडे बघत होती. रागाने.

"टण झाली नव्हती," ती म्हणाली. "मला का काढलं?"

डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, नशीब म्हणाले. घरी नेऊन झोपवलं. ती झोपली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले.

आत्या मात्र तलावावरच थांबली होती. तिने शेवटचं गाणं पुन्हा लावलं. टण वाजली. पुन्हा लावलं. वाजली. मॅडम पोहण्याचे कपडे घालून स्वतः पाण्यात उतरल्या, कान पाण्यात घालून ऐकलं आणि वर येऊन म्हणाल्या, "स्वच्छ ऐकू येतेय. तुमच्या नातीच्या कानात पाणी गेलं असणार."

"बाकीच्या मुलींनी ऐकली?" आत्याने विचारलं.

"बाकीच्या दम संपला म्हणून आल्या. विचारलं तर म्हणतात, आठवत नाही." मॅडमचा आवाज कडक होता, पण टॉवेल समोर असून त्या ओल्याच उभ्या होत्या. त्याही घाबरल्या होत्या. घाबरलेली माणसं दोष कुणावर तरी टाकून मोकळी होतात, आणि ठकी सगळ्यांत लहान होती.

सकाळी मी तलावावर गेले ती भांडायलाच. साहेब, मॅडम आणि आत्या काचेच्या खोलीत उभे होते. मी म्हटलं, माझी मुलगी आज उतरणार नाही. साहेब लगेच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. दुसरी मुलगी घेऊ. तयार आहेत दोघी-तिघी." त्यांना सुटल्यासारखं झालं.

"दुसरी कुणाची तरी ठकीच ना ती?" आत्या म्हणाली.

साहेबांनी गाणं लावून दाखवलं. हेडफोन माझ्या कानाला दिला. टण वाजली. साफ. माझ्या घरातला ग्लास, मला काय त्याची ओळख नाही? साहेब म्हणाले, "बघा. दोष मशीनमध्ये नाही." आणि खरं सांगते, त्या क्षणी मला जास्तच भीती वाटली. काही तुटलेलं दिसलं असतं तर बरं झालं असतं. हे असं होतं की आपण बघायला गेलं की सगळं ठीक, आणि पोरी तळाशी गेल्या की नाही. म्हणजे आज संध्याकाळी काय होईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"ठकी म्हणते नाही आली, म्हणजे नाही आली," आत्या म्हणाली. "ती पोर खोटं बोलत नाही. तिला येतच नाही."

"मग काय करायचं म्हणता?" साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"काल जसं झालं तसंच सगळं परत करायचं. पहिल्या गाण्यापासून. आणि ऐकायचं काल जिथे ऐकू आलं नाही तिथे."

मॅडम मुलींच्या आयांना समजवायला निघाल्या होत्या, फोनवर फोन येत होते. मी म्हटलं, मी उतरते, मला पोहता येतं. आत्याने मान हलवली. "तू आई आहेस. तुला आली असं वाटावंसं वाटेल. वाजली नाही तरी तुला वाजेल." लाइफगार्डला विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, इतकी वर्षं पाण्यात राहून त्याचा एक कान गेलेला आहे आणि दुसरा मनाला येईल तेव्हा चालतो. मला वाटलं, आता मॅडमची वाट बघायची. आत्याने पायातल्या चपला काढल्या आणि नीट जोडीने भिंतीपाशी ठेवल्या. तेव्हा मला कळलं की ती काय करणार आहे.

"आत्या, वेडी आहेस का?"

"तू वर बस. मी हात केला की सुरू कर. काही झालं तरी मधे थांबवायचं नाही."

ती साडीचा पदर खोचून लोखंडी शिडीपाशी गेली. लाइफगार्ड आधीच पाण्यात उतरून शिडीजवळ उभा होता, दोन्ही हात पुढे करून. मी वरून काचेतून बघत होते. पहिल्या पायरीवर तिचा पाय पाण्याला लागला आणि तिने तो मागे घेतला. पुन्हा टेकवला. पुन्हा घेतला. मी कधी कुणाला इतकं घाबरलेलं बघितलेलं नाही. ठकीलासुद्धा नाही, ठकी तर घाबरलीच नव्हती. आत्याचे ओठ हलत होते. लाइफगार्ड काहीतरी बोलत होता आणि ती त्याला गप्प बस म्हणत असावी. शेवटी ती उतरली. पाणी गळ्याशी आलं तसं तिने दोन्ही हातांनी शिडीचे दांडे धरले आणि मान वर करून छताकडे बघत राहिली. मग एक हात जेमतेम सोडून हलवला आणि लगेच परत धरला.

मी पहिलं गाणं लावलं. कानाला हेडफोन लावला. काल जिथे जिथे तिने थांबवलं होतं तिथे तिथे थांबवून पुढचं लावलं. सगळा कार्यक्रम ती गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. दात वाजत असावेत, कारण लाइफगार्ड मधूनमधून तिच्या तोंडाकडे बघत होता. मला किती वेळा वाटलं की पळत जावं आणि तिला वर काढावं. पण तिने बजावलं होतं.

शेवटचं गाणं लागलं. मुली ज्या ठिकाणी खाली जातात ते ठिकाण आलं. आत्याने एकदा वर, माझ्याकडे बघितलं. मग नाक धरलं नाही, काही नाही, डोळे मिटले आणि डोकं पाण्याखाली घातलं.

तिचे पांढरे केस पाण्यात पसरले. मी श्वास रोखून धरला, मला कुणी सांगितलं नव्हतं. गाणं चाललं होतं. ते शेवटाकडे आलं आणि मला उजव्या कानात जाणवलं की ते लांब जातंय. कुणीतरी पेटी उचलून दुसऱ्या खोलीत नेत असावं तसं. त्याच वेळी बासरी आत आली. टणची जागा आली आणि गेली. नुसती बासरी. मी पडद्याकडे बघितलं. शेवटचं गाणं अजून संपलेलं नव्हतं आणि खाली बासरीचं नाव उजळलं होतं.

आत्या अजून पाण्याखाली होती.

ती वाट बघत होती. मी काचेवर मुठी आपटायला लागले. माइक आहे हे विसरलेच. ती वर आली ती लाइफगार्डने तिच्या दंडाला धरून ओढली म्हणून. तिच्या तोंडावर केस चिकटले होते आणि ती घुसमटत होती, पण पहिलं काय केलं तर वर बघून मान नकारार्थी हलवली. नाही आली.

दोष सापडायला मग वेळ लागला नाही. नवीन प्लेअरमध्ये एक सोय होती. एक गाणं संपण्याआधीच त्याचा आवाज हळूहळू उतरवायचा आणि पुढचं गाणं त्यात मिसळायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला मधे शांतता जाणवू नये. ही सोय न विचारता सुरू होती. इतर नाचांना आत्या स्वतः गाणं थांबवायची, त्यामुळे मिसळायला पुढचं काही मिळायचं नाही. शेवटचं गाणं यादीबाहेर एकटं लावून तपासलं की त्याच्यामागे काही नाही, म्हणून ते आपलं पूर्ण वाजायचं, टणसकट. पण पाठोपाठ बासरी लावलेली असली की गाण्याचा शेवट विरायचा आणि टण त्यात बुडून जायची. आणि वर बसलेल्यांना ते सुंदर वाटायचं. मी ते बटण बंद केलं. हे हेडफोन लावून क्रमाने ऐकलं असतं तरी कळलं असतं, असं साहेब नंतर म्हणाले. म्हणोत. काल त्यांनी लावला नव्हता, मीही लावला नव्हता.

आत्या ओल्या साडीत थरथरत म्हणाली, "परत लाव."

"अगं सापडलंय ना आता!"

"काल सकाळीही सापडलं होतं."

ती परत उतरली. या खेपेला तिचा पाय पहिल्या पायरीवर जास्तच घुटमळला, कारण आता तिला आत काय आहे ते माहीत होतं. पुन्हा डोकं खाली घातलं. या वेळी ती स्वतः वर आली, वेळेवर, आणि काठावर बसून रडायला लागली. मी टॉवेल घेऊन धावले. "आली ना?" मी विचारलं. तिने मान हलवली. तरी रडतच होती.

"अगं मी तिथे खाली होते आणि टण येत नव्हती," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, येईल. आता येईल. मला, एवढ्या म्हातारीला. मी स्वतः तो ग्लास वाजवलाय, मला ठाऊक आहे ते नुसतं एक यंत्र आहे. तरी मी वर आले नाही. मग त्या पोरीचं काय?"

दुपारी ती आमच्या घरी आली. ठकी जेवत होती. मी अजून ठरवलं नव्हतं की तिला जाऊ द्यायचं की नाही. ठकीने मात्र सकाळपासून भोकाड पसरलं होतं की मी जाणार म्हणजे जाणार. आत्या तिच्यासमोर खाली बसली.

"टण आली नाही तर काय करायचं?"

"थांबायचं," ठकी म्हणाली.

"किती वेळ?"

ठकीला प्रश्नच कळला नाही. "येईपर्यंत," ती म्हणाली.

ती हे इतकं सहज बोलली, शाळेत पाढा म्हणतात तसं. आणि तिला हे शिकवलं कुणी? मॅडमनी, हो. पण घरी रोज रात्री तिच्याकडून म्हणवून घेऊन हसलं कोण?

आत्याने तिचा हात धरला. "हे बघ. छातीत दुखायला लागलं, श्वास संपला, की वर यायचं. टण गेली उडत."

"पण नियम आहे."

"नियम मी केलाय का मॅडमनी, कुणी का करेना. टण माझी आहे. मी सांगते, तिच्यासाठी थांबायचं नाही."

"मग सगळ्यांच्या आधी वर आले तर? नाच बिघडेल."

"बिघडू दे."

ठकी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला पटलं की नाही ते मला कळलं नाही. आत्याने तलावावर जाऊन हेच सगळ्या मुलींना मॅडमसमोर सांगितलं, आणि मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. मुली मात्र ऐकता ऐकता मॅडमकडे बघत होत्या, विचारल्यासारखं. सांगून काय होतं? पाण्याखाली गेल्यावर त्यांच्या कानात कुणाचं बोलणं राहणार होतं?

संध्याकाळी बाक भरलेले होते. मी काठाच्या जितकं जवळ बसता येईल तितकं बसले, लाइफगार्डच्या शेजारी. आत्या वर होती. शेवटचा नाच सुरू झाला तेव्हा मी जीव मुठीत धरून एकच गुलाबी टोपी बघत होते, बाकी नाच मला दिसलाच नाही. टोप्या एकेक करून खाली गेल्या. पाणी सपाट झालं. सगळा तलाव शांत, फक्त गाणं. मी उठून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, बसा हो, दिसत नाही. मी बसले नाही.

गाणं अजून संपलं नव्हतं. तेवढ्यात पाणी फुटलं आणि गुलाबी टोपी वर आली. एकटी. तोंड उघडून, मोठ्याने श्वास घेत, डोळे मोठे करून इकडेतिकडे बघत. तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच आहोत आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मग गाण्याचा शेवटचा ठोका पडला आणि तिच्या भोवती बाकीच्या सगळ्या मुली एकाच क्षणी, हात उंचावून, वर उसळल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

ठकी पोहत काठाशी आली. मी तिला उचलून टॉवेलात गुंडाळलं. ती हुंदके देत होती. "मला दमच राहिला नाही, आई. मी थांबले नाही. टण व्हायची होती अजून."

मी तिला इतकं घट्ट धरलं होतं की तिला श्वास घ्यायला त्रास झाला असणार.

"आत्याआज्जी रागावेल?" तिने विचारलं.

मी वर बघितलं. आत्या खुर्चीतून उठून उभी होती, दोन्ही तळवे काचेवर टेकवून, आणि ओक्साबोक्शी रडत होती.

"नाही," मी म्हटलं. "नाही रागावणार."